रक्त दिसलं आणि पाणी सोडलं

मी कमोड बोलतोय. हो, संडासातला. नाक मुरडलंत ना? मुरडा. आत्मवृत्त सांगायचं तर जुन्या छत्रीनं सांगावं, शाळेच्या घंटेनं सांगावं. कमोडनं कशाला सांगावं, असंच तुमच्या मनात आलं असेल. माझा राग आहे तो याच मुरडलेल्या नाकांवर. या नाकांपायी एका चांगल्या बाईचं वीतभर आतडं कापावं लागलं. तेव्हा आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

माझा जन्म गुजरातेतला. माती, साचा, लेप आणि भट्टी. तिथून ट्रकमध्ये गवतात गुंडाळून मी निघालो तो वणीला पोचलो. वणीच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग लागलेली, त्यात आमचा ट्रक अडकला. दुकानात उतरवलं तेव्हा माझ्यावर काळ्या भुकटीचा थर बसला होता. दुकानदारानं फडक्यानं पुसला, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला. तेव्हाच कळलं, या गावात सगळे रोज पुसतात आणि कुणी तक्रार करत नाही.

मला विकत घेतलं कमलाकररावांनी. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. शिस्तीचा, आवाजाचा, घरातल्या प्रत्येक गोष्टीवर ज्याचं मत असतं असा. गुडघे गेले होते, उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून मी आलो. बसवायला रहेमानभाई आले. वणीतले जुने प्लंबर. पांढऱ्या सिमेंटात मला नीट रोवून त्यांनी वरून बादलीभर पाणी ओतलं, ते सरसर गेलं, तशी हात झटकत म्हणाले, "घ्या साहेब, आता गुडघ्याले सुट्टी."

घर छोटं. कमलाकरराव, त्यांची बायको सुहासिनी आणि पुण्याला नोकरीला असलेला मुलगा मंदार. माणसं माझ्याजवळ येतात तेव्हा एकटी असतात, त्यामुळे ती खरी कशी आहेत ते मला लवकर कळतं. कमलाकरराव सकाळी फोन घेऊन आत येत ते निवांत बसत. देवाच्या फोटोखाली 'शुभ सकाळ' लिहिलेले निरोप माझ्यावर बसून गावभर जात. मंदार सुट्टीत आला की आतून साहेबाला फोन लावी आणि "सर, मी मीटिंगमध्ये आहे" म्हणे.

सुहासिनीचं वेगळं होतं. ती आत आली की आधी नळ पूर्ण सोडायची. बादलीत पाण्याचा आवाज सुरू झाला की मग बसायची. आपला कसलाही आवाज बाहेर जाऊ नये एवढ्यासाठी. ती इथल्या कोर्टात टंकलेखक. साक्षीदार जे सांगतील ते झरझर टाइप करायचं, हे तिचं काम. बोटं अशी चालायची की न्यायाधीशांचं वाक्य संपायच्या आत कागदावर उतरलेलं असायचं. पण त्या कोर्टात बायकांच्या संडासाला कुलूप आणि किल्ली एका शिपायाकडे. त्याच्याकडे किल्ली मागायची लाज वाटते म्हणून ही बाई दिवसभर पाणी प्यायची नाही आणि दाबून धरायची. पगार घेणारी, शिकलेली बाई, आणि किल्ली मागायला लाजायची! माझा पहिला राग तो.

होळीच्या आसपास एका सकाळी मला पहिल्यांदा रक्त दिसलं. तिलाही दिसलं. ती उठली, वळली आणि बघत राहिली. लाल, ताजं. तिनं पदर तोंडाशी नेला. दाराबाहेरून कमलाकररावांचा आवाज आला, "झालं का? मले उशीर होऊन राह्यला." तिनं बटण दाबलं. पाणी आलं आणि सगळं घेऊन गेलं. ती बाहेर पडली आणि चहा ठेवला.

एकदा दिसलं म्हणून माणूस मरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मूळव्याध असते, चीर पडते, त्यानंही रक्त येतं. पण ते ठरवायचं कुणी? तिनं ते स्वतःच ठरवून टाकलं. "मूळव्याध आहे," ती आरशात बघून स्वतःशी म्हणाली. बघायला डॉक्टर नाही, तपासायला कुणी नाही. आरोपीला न बघता निकाल लिहून टाकल्यासारखं. कोर्टात कुणी असं केलं असतं तर तिनं मान वर करून पाहिलं असतं.

मग हळूहळू सगळंच बदलत गेलं. जी बाई सकाळी एकदा यायची ती चार-चारदा येऊ लागली. यायची, बसायची, काही व्हायचं नाही. उठायची, दारापर्यंत जायची, पुन्हा परतायची. पोटात काहीतरी राहून गेलंय असं तिला सारखं वाटायचं. दोन दिवस काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी पातळ, आव पडलेलं. जे व्हायचं तेही बारीक, पेन्सिलीसारखं. आतली वाट अरुंद होत चालली होती आणि ते मला दिसत होतं. बाहेर कमलाकररावांना दिसत होती फक्त पाण्याची टाकी.

"किती वेळा जाशील? नळ दिवसाआड येतात, माहीत आहे ना?"

"पोट साफ होऊन नाही राह्यलं हो."

"इसबगोल घे. आणि ते रात्रीचं चिवडा खाणं बंद कर."

झाला निकाल. एका दमात रोग, औषध आणि आरोप.

एक दिवस ती बाजारातून निळी वडी घेऊन आली. टाकीत टाकायची, म्हणजे पाणी निळं येतं आणि सुवास सुटतो. कमलाकरराव खूश. "आता कसं, हॉटेलसारखं वाटते." मला मात्र कळलं होतं, ती वडी कशासाठी आहे. निळ्या पाण्यात लाल दिसत नाही. दिसलंच तर जांभळट काहीतरी दिसतं आणि माणूस स्वतःला सांगू शकतो की ते वडीचंच आहे. दिवा न लावताही ती यायला लागली होती. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ती वडी तिच्या अंगावर थुंकलो असतो.

शेवटी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. परत आली ती एक मलमाची ट्यूब घेऊन. ती ट्यूब माझ्या मागच्या कट्ट्यावर कितीतरी दिवस पडून होती. बहिणीला फोनवर सांगत होती तेव्हा सगळं कळलं. तिनं मान खाली घालून "मूळव्याधीचा त्रास आहे" म्हटलं आणि डॉक्टरांनी तेच चिठ्ठीवर लिहिलं. टेबलावर झोपवलं नाही, हातमोजा घातला नाही, बोटानं तपासलं नाही. "बाईमाणसाला कशाला अवघडल्यासारखं करायचं," म्हणाले. चांगले गृहस्थ हो ते! तिला अवघडल्यासारखं होऊ दिलं नाही, आणि गाठीला वाढू दिलं.

पुढे कमलाकररावांच्या एका मित्रानं घाटंजीच्या बाजारातून पुडी आणून दिली. तिथे फळ्यावर लिहिलेलं असतं म्हणे, मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन, खात्रीशीर. तसेच कागद बसस्टँडच्या भिंतीवर, मुतारीत, विजेच्या खांबावर. पोटाच्या खालच्या कुठल्याही दुखण्याला या मुलखात एकच नाव आणि एकच पुडी. ती कडू पुडी ती महिनोन् महिने घेत राहिली.

बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. जिना चढताना धाप लागायची. कोर्टात टाइप करता करता एकदा घेरी आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खाली. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं. म्हणजे आता लाल काय आणि काळं काय, तेही कळेना. पन्नाशी उलटलेली, पाळी कधीच थांबलेली बाई. तिच्या अंगातलं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठं, एवढं एकानं तरी विचारायचं होतं. कुणीही विचारलं नाही. जात कुठं होतं? माझ्यात जात होतं. दररोज.

त्याच सुमारास मंदारचं लग्न ठरलं. मुलगी दारव्ह्याची, प्राची नावाची. "एवढं लग्न होऊन जाऊ दे," सुहासिनी माझ्यासमोर उभी राहून आरशातल्या स्वतःला सांगायची. साड्या, पत्रिका, आहेर, मानपान, सगळ्याला तिच्याकडे वेळ होता. यवतमाळला लग्न लागलं. व्याह्यांच्या पंगतीत ती पोट आवळून हसत उभी राहिली. फोटोत तिच्याकडे बघून सगळे म्हणाले, "वहिनी, काय छान बारीक झाल्या तुम्ही!"

लग्नानंतर घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. माझ्या दारात रांग. एका सकाळी सुहासिनी आतून बाहेर पडली आणि पाठोपाठ प्राची आली. नवी सून. हातावरची मेंदी अजून लालबुंद. टाकीतलं पाणी गर्दीनं संपलेलं, त्यामुळे सुहासिनीनं बटण दाबलं तरी काही धुतलं गेलं नव्हतं. निळी वडीही विरघळून गेली होती. प्राचीनं बघितलं.

मला वाटलं, ही पण आता तांब्यानं पाणी ओतेल आणि गप्प बसेल. सगळे तेच करत आले होते. पण ती दार उघडून बाहेर गेली आणि सरळ सासूला म्हणाली, "आई, तुमच्यानंतर मी गेलती. रक्त होतं. तुमचं आहे का?"

"हळू बोल गं."

"काहून हळू? तुमची पाळी तर थांबली ना?"

"मूळव्याध आहे. होते असं."

"कोणी तपासलं?"

"डॉक्टरांना सांगितलं मी."

"सांगितलं. पण पाह्यलं कोणी? आतून तपासलं कोणी?"

बैठकीतून कमलाकरराव ओरडले, "काय चाललंय तिथं? पाहुणे बसले आहेत इकडं!"

आणि ती पोरगी, जिला या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता, बैठकीच्या दारात जाऊन म्हणाली, "बाबा, आईंना संडासातून रक्त जाऊन राह्यलं. अन् ते आजचं नाही."

बैठकीत कुणाचा तरी चमचा बशीत पडला.

"सूनबाई," कमलाकरराव दात आवळून म्हणाले, "ह्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या असतात का?"

"मग कुठं बोलायच्या, बाबा? चारचौघांत नाही, डॉक्टरपाशी नाही, तुमच्यापाशी नाही. मग आईंनी सांगायचं कोणाले?"

माझ्या दाराबाहेरच्या पायरीवर सुहासिनी बसली होती. दोन्ही हातांनी पायरीची कड धरून. ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "वर्ष होत आलं."

त्या तीन शब्दांसाठी एक वर्ष गेलं. लोक म्हणाले, सून फटकळ आहे. मी म्हणतो, त्या घरात तेव्हा शुद्धीवर असलेलं तेवढं एकच माणूस होतं.

पाहुण्यांना घरीच सोडून प्राची सासूला घेऊन यवतमाळला गेली. तिथलं आणि नागपूरचं मी नंतर दाराआडून ऐकलेलं. तिथे डॉ. आभा म्हणून शल्यचिकित्सक बाई होत्या. त्यांनी सुहासिनीला कुशीवर झोपवलं, हातमोजा चढवला आणि बोटानं तपासलं. गाठ बोटाला लागली नाही, पण हातमोजा रक्तानं भरून आला. मूळव्याधीचा मागमूस नव्हता. वर्षभर जिच्या नावानं मलम आणि पुड्या चालल्या होत्या, ती मूळव्याध कधी नव्हतीच. "नागपूरला जा, दुर्बिणीनं मोठं आतडं तपासून घ्या. आणि पुढच्या महिन्यात नाही, याच आठवड्यात," डॉ. आभांनी सांगितलं.

दुर्बिणीच्या आधी पोट रिकामं करायचं औषध प्यावं लागतं. दुपारभर सुहासिनी माझ्याकडे येत-जात राहिली. घोट घोट ते खारट पाणी प्यायची, तोंड वाकडं करायची. नळ मात्र तिनं त्या दिवशी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी नागपूर. दुर्बीण मोठ्या आतड्यात थोडी वर गेली आणि थांबली. पुढे जायला वाटच नव्हती. गाठीनं आतड्याला विळखा घातला होता. तुकडा काढून तपासणीला पाठवला. कॅन्सर. मग सीटी स्कॅन, आणि घाईनं ऑपरेशन. आतडं पूर्ण बंद व्हायला फारसं काही राहिलं नव्हतं. बंद झालं असतं तर पोट फुगून उलट्या सुरू झाल्या असत्या आणि जिवावरच बेतलं असतं. डॉक्टरांनी गाठीसकट वीतभर आतडं कापलं. आजूबाजूच्या बारीक लसीकाग्रंथींतही रोग पोचलेला निघाला. आतडं लगेच जोडता आलं नाही, म्हणून त्याचं वरचं टोक पोटावर आणून तिथं पिशवी लावली. काही महिन्यांपुरती.

ती नागपुरात होती तेव्हा कमलाकरराव कपडे न्यायला एकदा घरी आले. आत आले, दार लावलं, माझं झाकण खाली टाकून त्याच्यावर पँट घालूनच बसले. आणि नळ सोडला. मग रडले. बायकोचा नळ इतकी वर्षं कशासाठी वाहत होता, हे त्या दिवशी त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला सांगू?

सुहासिनी घरी आली. पिशवी भरली की ती माझ्यासमोर छोट्या स्टुलावर बसून रिकामी करायची. पहिल्या दिवशी वास सुटला तशी कमलाकररावांनी बाहेर उदबत्ती लावली, एक नाही, जुडगाच. धूर दाराच्या फटीतून आत आला. सुहासिनीनं दार उघडलं. तिचा आवाज या घरानं एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

"विझवा ती उदबत्ती! मेलेल्या माणसापुढं लावतात अशा जुडग्यानं. मी जिवंत आहे. अन् हे घर माझंबी आहे."

उदबत्ती विझली.

मग केमोथेरपी सुरू झाली. वणीचा उन्हाळा, बाहेर डांबर वितळतंय, आणि या बाईला माठातलं पाणी चालेना. त्या औषधानं थंड काही लागलं की घशात काचा टोचल्यासारखं व्हायचं. स्टीलचा पेला धरला तरी बोटांत झिणझिण्या. भर मे महिन्यात कमलाकरराव तिला पाणी कोमट करून देत. गुमान देत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

पिशवी धुवायला सोपं जावं म्हणून तिनं माझ्या शेजारी खालच्या उंचीवर हँडशॉवर बसवायला रहेमानभाईंना बोलावलं. भिंतीला भोक पाडता पाडता ते म्हणाले, "वहिनी, इतका खाली कायले लावता? अन् तोंडही समोरच्या बाजूनं?"

एके काळी तिनं काहीतरी थाप मारली असती. आता तिनं सरळ सांगितलं. "माझ्या पोटावर संडासची पिशवी आहे, रहेमानभाई. ती धुवावी लागते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वर्षभर रक्त जात होतं, अन् मी मूळव्याध समजून बसली."

रहेमानभाई पान्यानं नट आवळत होते. हात थांबला. मग म्हणाले, "माह्या बायकोले, हुस्नाबीलेही जाते."

"काय जाते?"

"रक्त. रमजानच्या आधीपासून. ती म्हणते गर्मी झाली. मीबी म्हटलं, मिर्ची कमी खा."

"मिरची!" सुहासिनी ताडकन उभी राहिली. अंगात ताकद नव्हती, भिंतीला धरून उभी राहिली. "रहेमानभाई, पाना खाली ठेवा. आत्ताच घरी जा अन् तिले घेऊन या माझ्याकडं."

"काम अर्धं आहे वहिनी, पाणी गळून राह्यलं..."

"गळू द्या पाणी!"

हुस्नाबी आली, पण ऐकेना. बुरख्याची बाही चुरगाळत म्हणाली, "दीदी, मर्द डॉक्टरसमोर मी नाही झोपणार. मरण आलं तरी चालेल."

सुहासिनीचा राग मी तेव्हा पुन्हा पाहिला. "मरण असं येत नाही, हुस्नाबी. आधी पिशवी येते, सुया येतात, केस जातात, मग जमलं तर मरण येते. बघायची आहे पिशवी?" आणि तिनं पदर बाजूला केला. हुस्नाबीनं बघितलं. "बाई डॉक्टर आहे यवतमाळला. अन् मी तुझ्या उशाशी उभी राहीन. चल."

केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, पोटावर पिशवी बांधलेली बाई एसटीनं दुसऱ्या बाईला घेऊन यवतमाळला गेली. डॉ. आभांनी तपासलं, दुर्बिणीसाठी नागपूरला पाठवलं. तिथेही सुहासिनी सोबत होतीच.

काही दिवसांनी हुस्नाबी घरी आली. माझ्यासमोर उभी राहून तो अर्धवट लोंबणारा हँडशॉवर बघून हसायलाच लागली. "या अल्ला, माह्या नवऱ्यानं तुमचं काम असंच ठेवलं?" मग दाराला टेकून सगळं सांगत बसली. आतड्यात एक मस निघाला होता, देठावर लोंबणारा, बोराएवढा. डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून देठापासून कापून काढला. टाके नाहीत, चीर नाही. संध्याकाळी घरी येऊन तिनं खिचडी खाल्ली. तपासणीत आलं की मस बिघडायच्या वाटेवर होता, पण अजून बिघडला नव्हता. आता फक्त डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दुर्बीण.

सुहासिनी तिचा हात धरून हसत होती. आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की माझ्या अंगाला तडा जायचा राहिला.

कारण इतकं सोपं होतं! मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा असाच एका मसापासून सुरू होतो. कॅन्सर व्हायला त्याला वर्षं लागतात, कितीतरी वर्षं. तेवढा वेळ तो तुम्हाला देतो. तेवढ्यात कधीही बघितलं तर फळाचा देठ खुडावा तसा खुडता येतो. कॅन्सर झालाच, पण लवकर सापडला, तर बहुतेक माणसं बरी होतात. सुहासिनीलाही असाच एक मस असणार कधीतरी. पण तिच्या वाट्याला मलम आलं, पुडी आली, इसबगोल आलं, निळी वडी आली. सगळं आलं, फक्त एक बोट आणि एक दुर्बीण आली नाही.

पुढे पिशवी निघाली. आतडं जोडलं गेलं. ती पुन्हा माझ्यावर बसू लागली. दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी, स्कॅन. अजूनपर्यंत सगळं साफ आहे. पण केमोनं बोटांची जाण गेली ती पुरती परत आली नाही. टोकं बधिर. साडीची पिन लावता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. कोर्टात ती गेली तेव्हा कळफलकावर बोटं ठेवली आणि कुठली कळ कुठं, ते बोटांना कळेना. तिला आता निकालांच्या नकला देण्याच्या टेबलावर बसवलंय. त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं माझ्यासमोर हात धुतले. कितीतरी वेळ धूत राहिली, जसं काही धुतल्यानं ती बोटं परत येणार होती.

परवाचीच गोष्ट. डॉ. आभांनी सांगितलं होतं की कमलाकररावांचंही वय झालंय, काही त्रास नसला तरी शौचाची तपासणी करून घ्या. न दिसणारं रक्तही त्यात सापडतं. सुहासिनी प्रयोगशाळेतून प्लॅस्टिकची छोटी डबी घेऊन आली.

"मले कायले?" कमलाकरराव गुरगुरले. "मले काही होऊन नाही राह्यलं. अन् तिथली पोरगी मले ओळखते. असं हातात घेऊन जाऊ मी तिथं?"

"जायचं."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मले बारीक झाल्या, छान दिसता, म्हटलं होतं. आठवते? डबी घ्या अन् आत जा. भरल्याशिवाय बाहेर येऊ नका."

ते आत आले. दार लावलं. सवयीनं हात नळाकडे गेला. बाहेरून आवाज आला, "नळ नको. पाणी दिवसाआड येते."

नळ बंद राहिला. पाटबंधारे खात्याचे निवृत्त हेडक्लार्क हातात एवढीशी डबी घेऊन माझ्यावर बसले. कपाळाला घाम. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, खरंच खाली वाकून बघितलं, मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

"हे घे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

"झाकण तुम्हीच लावा," सुहासिनी म्हणाली. "नीट बसलं की नाही ते माझ्या बोटांना कळत नाही."

कमलाकररावांनी तिच्या बोटांकडे बघितलं. झाकण घट्ट लावलं, डबी पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि स्वतःच प्रयोगशाळेकडे निघाले.

माझं आता वय झालं. बटण अडकतं, बुडाशी सिमेंट सुटलंय. कधीतरी काढून अंगणात टाकतील. त्याआधी हे बोललो. रक्त दिसलं, सवय बदलली, पोट साफ झाल्यासारखं वाटेना, वजन विनाकारण उतरलं, अंगातलं रक्त कमी झालं, तर मूळव्याध आहे की आणखी काही, हे तपासणारा ठरवील, तुमची लाज नाही. डॉक्टर तपासत नसेल तर त्याला सांगा, तपासा. पंचेचाळिशी उलटली असेल तर त्रास नसतानाही विचारा. आई, बाप, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला हा रोग झाला असेल तर त्याहून लवकर विचारा. भाज्या, फळं, डाळी, ज्वारीची भाकर खा, चाला, तंबाखूचा खर्रा थुंकून द्या, बिडी विझवा, दारू सोडा. आणि बायकांच्या संडासाची किल्ली कुणाच्या खिशात ठेवू नका.

आणि कोण जाणे, आत्ता हे तुम्ही फोनवर वाचत माझ्याच एखाद्या भावंडावर बसलेले असाल. बसा निवांत. पण उठलात की लगेच बटणाकडे हात नेऊ नका. आधी वळा. दिवा लावा. बघा.